प्रतिसाद: नुसत्या सिम्युलेटरवर भागत नाही

भाऊ, तुम्ही म्हणता, सिम्युलेटरचा कोर्स केला की आपली जळगाव-धुळ्याची पोरं थेट एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) वाहणाऱ्या जहाजावर अधिकारी होतील. तसं होत नाही. तिथल्या मालाची जबाबदारी सांभाळायला लागणाऱ्या प्रगत प्रमाणपत्रासाठी मूलभूत प्रशिक्षणानंतर गॅसवाहू जहाजावर किमान 3 महिने सेवा लागते. नाहीतर शिकायला ठेवलेला जादा माणूस म्हणून 1 महिना, त्यात 3 वेळा माल भरणं, 3 वेळा उतरवणं. आणि ते योग्यच आहे! माल उणे 162 अंशांवर असतो. साध्या पोलादावर सांडला तर डेक तडकतो. म्हणून माल चढ-उतार चालू असताना पाइपजोडणीखाली जहाजाच्या अंगावरून पाणी सतत वाहतं ठेवतात.

माझा भाचा यावलचा, मे महिन्याच्या उन्हात वाढलेला. पाइपवर चढलेला पांढरा बर्फ बघून हात लावायला निघाला होता. बोसननं (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं) मनगट धरलं म्हणून वाचला. फी भरण्याआधी जहाजावर जागा कोण देणार, ते लेखी घ्या.