भावाचं बोलणं भरकटतं पण एमआरआय नॉर्मल, असं कसं?

कोल्हापुरी_ताई:
भाऊ २६ चा, स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत. भास बरेच कमी झाले पण बोलणं काही जागेवर येईना. परवा विचारलं जेवलास का, तर म्हणे "जेवलो, भात पांढरा, पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय, इस्त्रीवाल्याचा पोरगा पुण्याला, तिकडं पाऊस". एमआरआय नॉर्मल आलाय म्हणून काका म्हणतात नाटकं करतोय. मेंदूत नक्की होतं काय?

रात्रपाळी_रेसिडेंट:
ताई, मी सायकियाट्रीत पीजी करतोय. एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव असलं काही नाही ना हे बघायला, स्किझोफ्रेनिया त्यात दिसत नाही, त्यामुळे नॉर्मलच येणार. फरक असतो पण बारीक, बऱ्याच जणांची सरासरी काढली की कळतो. १९९२ मध्ये हार्वर्डच्या टीमने १५ पेशंटचे स्कॅन मोजले, तर डाव्या टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) वरच्या-मागच्या पट्ट्यात, जो बोलणं समजायला लागतो, ग्रे मॅटर (मेंदूच्या पेशींचा करडा थर) सरासरी १५ टक्के कमी निघालं, आणि ज्यांचे विचार जास्त विस्कळीत त्यांच्यात जास्त कमी.
आता भाताचं बघा. 'भात' म्हटलं की वरण, पांढरा, शेत असे शेजारचे शब्द सगळ्यांच्याच डोक्यात जागे होतात, पण प्रश्नाशी संबंध नसलेले आपण दाबतो, त्यात मेंदूच्या पुढच्या भागाचं काम मोठं. स्किझोफ्रेनियात ते दाबणंच कमी पडतं असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. या आजाराला स्किझोफ्रेनिया नाव देणाऱ्या स्विस डॉक्टर ब्लॉयलरने १९११ लाच हे विचारांचे तुटलेले दुवे आजाराचं मूळ लक्षण मानलं होतं, तेव्हा स्कॅन कुठले! आणि नाटक म्हणाल तर मुद्दाम असं बोलून बघा, दोन मिनिटांत दमाल.

चहाबाज:
आणि आवाज ऐकू येतात ते पण यातूनच का?

रात्रपाळी_रेसिडेंट:
थोडं वेगळं. आपण बोलतो तेव्हा मेंदू ऐकण्याच्या भागाला आधीच वर्दी देतो की हा आपलाच आवाज, म्हणून तो भाग थंड राहतो. या पेशंटच्या ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) तो पुरेसा थंड झालेला दिसत नाही. मनातलंच बोलणं परक्याचं वाटतं ते यामुळे, अशी एक थिअरी आहे, अजून वाद आहेत.

लेकाची_आई:
आमच्याकडे पण हेच. टीव्ही बंद करून एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारायचा, भरकटला तर "मला नाही कळलं रे, परत सांग" म्हणायचं, चुका काढायच्या नाहीत. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि काकांना पुढच्या फॉलोअपला सोबत न्याच, घरच्यांचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांपुढे गप्प बसतात अशी माणसं 😄

कोल्हापुरी_ताई:
गुरुवारी तारीख आहे, नेतेच.