मदत हवी आहे: मुलांच्या स्वभावांवर प्रशिक्षण झालं, वर्गात मात्र काहीच बदललं नाही

खडूफळा: पुढच्या आठवड्यात शिक्षिकांचं परत प्रशिक्षण घ्यायचंय, आराखडा लगेच द्यायचाय. मागच्या वेळी मुलांचे नऊही स्वभावगुण (हालचाल, भावनेची तीव्रता वगैरे) समजावले, स्लाइड्स दाखवल्या, प्रश्नावली भरून घेतली. सगळ्यांना आवडलं. पण वर्गात बघावं तर बुजऱ्या मुलामागे तेच 'बोल ना, बोल ना' आणि चळवळं मूल तसंच कोपऱ्यात. आता काय बदलू?

उंबरठा: मुलं किती वर्षांची? शिक्षिका किती, वेळ किती? नंतर वर्गात जायची परवानगी आहे का? आणि प्रश्नावली कुणी कुणाबद्दल भरली? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मोरपीस: नऊ गुण सोडाच. सहज रुळणारी, हळूहळू रुळणारी आणि अवघड, असे तीन गट करा. गटागणिक एक कार्ड, त्यावर उपाय. कायम लक्षात राहतं.

सरळरेघ: @मोरपीस, हे गट थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांच्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासातले, १९५६ साली सुरू झालेला. त्यात सुमारे ४० टक्के मुलं सहज, १५ टक्के हळूहळू रुळणारी, १० टक्के अवघड निघाली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत. त्यांना कुठलं कार्ड देणार? शिवाय 'अवघड' हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. त्या दोघांचा खरा भर जुळणीवर होता: मुलाचा स्वभाव आणि आपल्या अपेक्षा यांचा मेळ बसतोय का.

मोरपीस: तत्त्व मान्य. पण वीस मुलांच्या गोंधळात नऊ गुण कोण आठवत बसेल?

सरळरेघ: मग चारच घ्या. हालचाल, नव्याला प्रतिसाद, भावनेची तीव्रता, आवाज-स्पर्शाची संवेदनशीलता. पण शिक्के नकोत.

गुलमोहर: पालकांना गोड कमी द्यायला सांगा, चळवळ आपोआप कमी होते.

उंबरठा: @गुलमोहर, नाही होत. साखर दिलीय की नाही हे कुणालाच माहीत नसताना घेतलेल्या चाचण्यांत मुलांच्या वागण्यात फरक दिसलेला नाही. आणि प्रश्न शिक्षिकांबद्दल आहे.

खडूफळा: वय ३ ते ५. शिक्षिका १४, वेळ तीन तास. वर्गात जाता येतं. प्रश्नावली शिक्षिकांनी मुलांबद्दल भरली.

उंबरठा: वर्गात जाता येतं हे आधी सांगायचं! मग तीन तास एका दिवशी संपवू नका. दीड तास आता, दीड तास तीन आठवड्यांनी.

पहिल्या दीड तासात प्रश्नावली शिक्षिकांनी स्वतःबद्दल भरायची. जिला शांतता लागते तिला चळवळं मूल मुद्दाम त्रास देतंय असं वाटतं. तेच मूल दुसरीला उत्साही वाटतं. हे कागदावर दिसल्याशिवाय पुढचं पटत नाही.

नंतर टिपण लिहायचा सराव. 'हट्टी आहे' असं लिहायचं नाही. 'आवरा म्हटल्यावर ठोकळे छातीशी धरले, दुसऱ्यांदा सांगितल्यावर रडला' असं लिहायचं. प्रत्येकीने एकच मूल निवडायचं आणि आठवडाभर तीन वेळा बघायचं: सकाळी येताना, आवराआवरीला, नवं साहित्य समोर आल्यावर. निम्म्या जणींनी गप्प मूल घ्यायचं असं आधीच ठरवा, नाहीतर सगळ्या दंगेखोर मुलंच निवडतात. गप्प मुलाचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून ते राहून जातं.

पुढचे दोन आठवडे त्या मुलासाठी एकच बदल. एकदम चार केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बुजऱ्याला पहिले काही दिवस फक्त बघू द्यायचं, रोज तीच जागा, शिक्षिका समोर न बसता शेजारी, आणि प्रश्नाऐवजी साधं वाक्य: 'मी लाल मणी ओवतेय.' आवराआवरीला अडणाऱ्याला 'पाच मिनिटं राहिली' म्हणून उपयोग नाही, या वयात मिनिटं कळत नाहीत. 'अजून दोन ठोकळे, मग डबा बंद' हे कळतं. चळवळ्याला बसायच्या आधी चटया पसरायचं काम द्या. ज्याची रडारड मोठी, त्याच्याशी शब्द कमी आणि आवाज खाली. त्या क्षणी समजावणं पोचत नाही.

मधल्या काळात तुम्ही प्रत्येक वर्गात वीस मिनिटं बसा आणि नंतर एकच गोष्ट बोला. हे वगळलं तर मागच्यासारखंच होईल.

मोरपीस: बुजऱ्याला नुसतं बघत ठेवलं तर ते तसंच राहील ना?

सरळरेघ: नुसतं सोडून द्यायचं नाहीच. आधी एकाच शांत मुलाबरोबर, मग तिघांत, मग मोठ्या गटात. ढकलायचं नाही, पण पुढची पायरी तयार ठेवायची.

खडूफळा: एकाच मुलाबद्दल दोघींची टिपणं जुळली नाहीत तर?

उंबरठा: कुणाचं बरोबर, हा वाद नको. दोघींनी कधी आणि कुठे बघितलं ते विचारा. एकीने मोकळ्या खेळात, दुसरीने गोलात बसल्यावर बघितलं असेल, तर मूल कुठे रुळतं याचा धागा तिथेच मिळतो. दुसऱ्या दीड तासाची सुरुवात अशाच टिपणांनी करा.