खर्च झोक्याचा नाही, पकडीचा
गिबन (हातांनी फांद्यांवरून झुलत जाणारा बिनशेपटीचा वानर) लंबकासारखा झुलतो, म्हणून त्याला ऊर्जा लागतच नाही, असं म्हटलं जातं; पण हे अर्धंच बरोबर आहे. झोका फुकट असतो, पैसे मोजावे लागतात ते पुढची फांदी धरताना. हात सैल असतानाच गिबन खाली येऊ लागला, की हात ताणला जाताना खांद्याला हिसका बसतो आणि कमावलेला वेग तिथेच जातो. (बारला लटकून घाईत हात बदलून बघा!) पकडीच्या क्षणी वेग हाताशी काटकोनात असेल तर हिसका जवळपास शून्य, संशोधक बर्ट्राम, रुइना आणि मंडळींनी १९९९ मध्ये साध्या मॉडेलवर हे दाखवलंय.

गंमत म्हणजे खरे गिबन गरजेपेक्षा किंचित पुढेच झेपावतात. थोडी ऊर्जा गेली तरी चालेल, फांदी हुकायला नको. त्यामुळे झुलणाऱ्या रोबोटला निव्वळ काटकसर शिकवणं मला तरी धोक्याचं वाटतं.