निर्धार आणि औषधे
"मनावर घेतले की व्यसन सुटते, आणि पुन्हा सुरू झाले तर माणूसच कच्चा" हे मत मला अर्धवट वाटते. सिगारेटमधील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण २ तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, त्यामुळे तलफ दिवसभर परतत राहते. सोडल्यावर पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात; तेव्हा निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम वापरणे ही पळवाट नव्हे.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत मात्र केवळ निर्धारावर विसंबणे जिवावर बेतू शकते, कारण काही आठवडे सेवन बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. (कोंडून ठेवून व्यसन 'सोडवलेला' माणूस बाहेर पडताच अधिक धोक्यात येतो, तो यामुळेच.) म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही त्याच गटातली, तलफ आवरणारी औषधे डॉक्टर दीर्घकाळ चालू ठेवतात. "एका व्यसनाच्या जागी दुसरे" अशी टीका नातेवाईक हमखास करतात. पण योग्य मात्रेत ही औषधे घेणारा माणूस नशेत नसतो, रोजची कामे नीट करू शकतो. त्याने ती परस्पर बंद करू नयेत, आणि घरच्यांनीही तसा आग्रह धरू नये.