डीडीआर५ ६४०० ची रॅम १:१ वर टिकत नाहीये, ६००० वर आणू का?

कीबोर्डकडक
रायझन ७ ७७०० आहे, रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक, ६४०० सीएल३२-३९-३९ (टायमिंग, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती क्लॉक घेते; सीएल हा त्यातला पहिला आकडा). एक्सपो (रॅमचं तयार स्पीड प्रोफाइल) ऑन केलं की ६४०० दिसतं पण झेनटायमिंग्ज या टूलमध्ये बघितलं तर यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचा क्लॉक) १६००. ६४०० ला रॅमचा खरा क्लॉक ३२०० असतो, म्हणजे मेमरी कंट्रोलर निम्म्या स्पीडवर, १:२ वर चाललाय. मग बायोसमध्ये जाऊन १:१ केलं, म्हणजे दोघांचा क्लॉक सारखा, विंडोज येतं, बेंचमार्कपण होतात, पण गेम मधेच बंद पडून डेस्कटॉपवर येतो आणि काल एक मोठी झिप उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नाही असा) आला. आता १:२ वरच ठेवू, व्होल्टेज वाढवून १:१ टिकवू, की सरळ ६००० करू? ६४०० चे पैसे मोजलेत त्यामुळे खाली आणायचं जिवावर आलंय. काम म्हणजे गेमिंग आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग.

टायमिंगतज्ज्ञ
६००० कर आणि १:१ ठेव, काही गमावत नाहीयेस. हिशोब बघ, सीएल गुणिले २००० भागिले स्पीड केलं की नॅनोसेकंद मिळतात. ६४०० ला सीएल३२ म्हणजे १०, ६००० ला सीएल३० म्हणजे पण १०च. तुझी चिप ज्या वेगाने उत्तर देते तेवढ्याच वेगाने देणारे. पुढचे दोन ३९-३९ आहेत ते ६००० ला ३७-३७ होतात, व्होल्टेज एक्सपोने दिलंय तेच राहू दे. सीएल २९ किंवा ३१ टाकायला जाऊ नकोस, डीडीआर५ ला सीएल सम आकड्यातच असतो.

कॅबिनेटउघडी
वरच्याशी सहमत, आणि अजून एक. ७७०० मध्ये सीसीडी (कोअर असलेली चिप) एकच आहे, तो इन्फिनिटी फॅब्रिकमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्यातून, एका क्लॉकला ३२ बाइट वाचतो, म्हणजे एफसीएलके (त्या रस्त्याचा क्लॉक) २००० असेल तर ६४ जीबी प्रति सेकंद, संपलं. ड्युअल चॅनल ६००० ची रॅमच कागदावर ९६ जीबी देते, ६४०० ला १०२.४ होतात, पण ते प्रोसेसरच्या कोअरपर्यंत पोचायला वाट कुठंय? त्यामुळे ६४०० च्या मागे लागण्यापेक्षा एफसीएलके २१०० चालतो का बघ, तिथे खरंच थोडं मिळतं. पण रॅम पक्की झाल्यावरच, दोन्ही एकदम बदललंस तर एरर कशामुळे आला ते कळणारच नाही.

मेमटेस्टमंडळ
तुम्ही लोक स्पीडचंच बोलताय, मला त्या सीआरसी एररची काळजी वाटतेय. गेम बंद पडला तर परत चालू करता येतो, पण रॅम चुकीचं लिहीत असेल तर तुमचे एडिटिंगचे प्रोजेक्ट गुपचूप खराब होऊन सेव्ह होतील आणि बॅकअपमध्येपण तेच जाईल. आजच १:१ वालं ६४०० बंद करा, मग एसएफसी स्कॅन (विंडोजचंच टूल) चालवून विंडोजच्या फाइली तपासा. डीडीआर५ मध्ये ऑन-डाय ईसीसी (रॅम चिपमधलीच चूक-दुरुस्ती) असतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते फक्त चिपच्या आतल्या चुका दुरुस्त करतं, चिप ते प्रोसेसर या रस्त्यात बिघडलेलं त्याला दिसत नाही. नवीन सेटिंगवर पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पूर्ण होऊ द्या, नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ रात्रभर. एक जरी एरर आला तरी ते सेटिंग नापास, "चालतंय की" म्हणून सोडायचं नाही.

आणि एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) वाढवून ६४०० टिकवायचा विचार असेल तर १.३ व्होल्टच्या वर जायचं नाही. २०२३ मध्ये ७००० सिरीजचे काही प्रोसेसर जळाले त्यानंतरच एएमडीने ती मर्यादा घातली. बरेच बोर्ड एक्सपो लावलं की स्वतःच १.२५ च्या आसपास देतात, ६००० ला बऱ्याचदा त्याहून कमी पुरतं.

कीबोर्डकडक
६००० ला ३०-३७-३७ टाकलं, सेव्ह केलं आणि स्क्रीन काळीच, फॅन फिरतायत. रिसेट करू का?

टायमिंगतज्ज्ञ
थांब, बटणाला हात लावू नकोस. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असेल, सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात, मधेच बंद केलंस तर परत पहिल्यापासून. बोर्डावर डीरॅमचा छोटा लाइट असेल तर त्याच्याकडे बघ. दहा-पंधरा मिनिटांनीपण काही आलं नाही तरच सीमॉस क्लिअर (बायोसची सेटिंग मूळ स्थितीत) कर आणि मग सीएल ३२ ने सुरुवात कर.

कीबोर्डकडक
आलं! यूसीएलके ३००० दाखवतंय. मेमटेस्ट लावतोय.