शब्दचर्चा : ‘संक्षुब्ध’ हवेचा ध्वनी की गोंगाट?

विचारणा (लातूर) : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत टिपण लिहीत आहे. हवेच्या टर्ब्युलन्समधून, म्हणजे अनियमित, भोवऱ्यांनी भरलेल्या प्रवाहातून, होणारा नॉइज आणि त्याचे संगणकावरील सिम्युलेशन हा विषय आहे. ‘प्रक्षुब्ध प्रवाहाच्या गोंगाटाचे अनुकरण’ असे शीर्षक योजले आहे, परंतु ते कानाला खटकते. आपले मत कळवावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : ‘अनुकरण’ म्हटले की कोणीतरी कोणाची नक्कल करीत आहे असे वाटते, ‘सदृशीकरण’ हा शब्द मराठीत आहे, तोच घ्यावा. ‘प्रक्षुब्ध’ हे विशेषण वर्तमानपत्रांनी जमावाला बहाल केले आहे, म्हणून हवेसाठी ‘संक्षुब्ध’ बरे. आतल्या लहानमोठ्या फिरत्या प्रवाहांना सरळ ‘भोवरे’ म्हणावे. ‘वावटळ’ नको, कारण आपल्याकडे तो शब्द ऐकताच वैशाखातल्या रानातील धुळीचा खांबच डोळ्यांपुढे उभा राहतो.

खरी अडचण ‘नॉइज’ची आहे. रात्री कूलर लावून पाहावा : मोटारीची घरघर बाजूला काढली, तर हवेचा जो सुसाट आवाज उरतो त्यात सूर सापडत नाही. उलट शिवारातील एक सेंटिमीटर जाडीच्या तारेवर सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आडवा आला, तर तारेमागे आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे साधारण २०० हर्ट्झचा स्पष्ट सूर निघतो. या दोहोंना ‘गोंगाट’ कसे म्हणावे?

प्रतिवाद (नांदेड) : नॉइजमध्ये नकोसेपणा आहे आणि तो ‘ध्वनी’त उतरत नाही. आवाज कमी करण्यासाठीच हा खटाटोप असेल, तर ‘गोंगाट’ का टाळावा?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : नकोसेपणा ऐकणाऱ्याचा असतो, समीकरणाचा नव्हे. ब्रिटिश गणितज्ञ लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार हवेच्या झोताच्या ध्वनीची शक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ती २५६ पट होते. यात कोणाची झोपमोड झाली हे कोठेही येत नाही. शिवाय भोवऱ्यांतील दाबाचे बहुतेक चढउतार तेथल्या तेथे विरतात, त्यांतील अगदी थोडा अंश लहर होऊन दूरच्या कानापर्यंत पोहोचतो, आणि हा अंश वेगळा काढणे हेच सदृशीकरणातील किचकट काम आहे. त्या दूर जाणाऱ्या अंशाला ‘ध्वनी’ आणि जागीच विरणाऱ्याला ‘दाबबदल’ म्हटले, तर विद्यार्थ्याचा घोळ होणार नाही. ‘गोंगाट’ हा शब्द उपायांच्या प्रकरणात अवश्य वापरावा.

विचारणा करणारे (लातूर) : ‘संक्षुब्ध हवेच्या ध्वनीचे संगणकीय सदृशीकरण’ हे शीर्षक ठेवतो. कूलरचे उदाहरण पहिल्याच परिच्छेदात घेत आहे.