कार घेतली अन् माणसंच तुटली, तुमच्याकडे पण असंच आहे का?

तापीकाठ: नमस्कार मंडळी. राहतो जळगावला, नोकरी भुसावळला. नऊ वर्षं रेल्वेनं अपडाऊन केलं, पासवर. दहा-बारा जणांचा ग्रुप होता, कोणाकडे कळण्याची भाकरी अन् ठेचा, कोणाकडे शेवभाजी, बसायला जागा नसली तरी दाराशी उभं राहून कोणाच्या पोरीचं स्थळ, कोणाची बदली सगळं कळायचं. दोन वर्षांपूर्वी कार घेतली, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कारण सांगायला नकोच. आता एसी लावून २५ किलोमीटर एकटा जातो, एकटा येतो. मागच्या आठवड्यात कळलं की ग्रुपमधल्या एकाचे वडील जाऊन महिना झाला. महिना! मी दहाव्याला पण नव्हतो. मन लागत नाहीये. कार विकून परत पास काढू का?

देवपूरकर: भाऊ, आमच्या धुळ्यात तर गल्लीच गेली. लहानपणी क्लासला निघालो की ओट्यावरची प्रत्येक म्हातारी विचारायची, "कथा जाई राहिना रे?" (अहिराणीत, कुठे चाललास रे?) संध्याकाळी त्याच ओट्यावर बाया तांदूळ निवडायच्या. मग एकेकानं ओटा फोडून गाडी चढवायला रॅम्प केला, मी पण केला, अजून वाईट वाटतं. मागच्या श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला रस्ता मोकळा करायचा होता तर कोणती गाडी कोणाची हेच कोणाला सांगता येईना.

सातपुड्याची_लेक: मी थोडं वेगळं सांगते. माझं माहेर शहाद्याकडच्या खेड्यात, एसटी दिवसातून दोनदा. आईला शुगर. कार शिकले तेव्हापासून दर रविवारी तिच्याकडे जाते, जाताना वाटेत मावशीला पण बसवते, दोघी बहिणी मागच्या सीटवर तासभर बोलत असतात. आधी दिवाळी अन् आखाजीलाच भेट व्हायची. दादा, गाडी विकू नका, रिकामी नेऊ नका. कोणीतरी असेलच की त्या रस्त्यावर जाणारं.

नकाशावाला: ताईंचं पटतं, पण रस्त्याचं पण बघा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या अभ्यासकानं शेजारशेजारच्या ३ रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं होतं, दिवसाला २००० गाड्या जायच्या तिथं माणसाला गल्लीत सरासरी ३ मित्र, १६००० जायच्या तिथं १ पण पूर्ण नाही, ०.९. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तो पण एकटा पडतो, कारण दुसऱ्यांच्या गाड्या त्याच्या दारावरून जातात. आपल्या जळगावात हायवे गावाच्या मधून जातो, आकाशवाणी चौकाजवळ राहणाऱ्याला विचारा, पलीकडच्या बाजूच्या किती जणांना नावानं ओळखतो. पोरांना रस्ता ओलांडू द्यायला जीव धजत नाही, मग मैत्री कुठून होणार.

तापीकाठ: सगळ्यांचे आभार. विकत नाही. ऑफिसमधला एक पोरगा आमच्याच कॉलनीत राहतो हे आज चौकशी केली तेव्हा कळलं, त्याला सोबत घेणार. त्या मित्राकडे उद्या जाऊन येतो, उशीर झालाय पण जातो. अन् बुधवारी तिकीट काढून सकाळच्या गाडीनं जाणार, त्याच डब्यात, बघतो कोण कोण आहे अजून.